वरचं पाणी

आमच्या गावच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. सकाळी चुलीवर ठेवली तर दुपारी दाणा फुगलेला असतो, पण दाताखाली टणकच लागतो. चहाला ते पाणी घेतलं तर दूध फाटतं, साबण लावला तर फेस येत नाही. पूर्णेच्या काठची ही सपाट काळी जमीन पोटातूनच खारी आहे. आम्ही तिला खारपाणपट्टा म्हणतो. सोयरीक करायला आलेली माणसं इथं हुंड्याआधी पाण्याचं विचारतात.

माझ्या तरुणपणी गोडं पाणी दोनच ठिकाणांहून मिळे. उन्हाळ्यात गाडीवर पाण्याचं टिपाड चढवून ते सातपुड्याच्या पायथ्याकडून, सोनाळ्याच्या बाजूच्या विहिरींवरून आणायचं. गाव तिथून चार कोस. पावसाळा लागला की चिखल गाडीचं चाक आसापर्यंत गिळे, आणि ती वाट बंद होई. मग आभाळातून. अंगणात चार खुंट रोवायचे, धुतलेल्या धोतराची चार टोकं त्यांना बांधायची, मधोमध एक धुतलेला गोटा ठेवायचा म्हणजे धोतराला खोलगा येतो, आणि त्या खोलग्याखाली घागर. याला आम्ही वरचं पाणी म्हणत असू, आणि विहिरीच्या पाण्याला खालचं.

माझी माय म्हणे, "मिरगाचं पाणी जमिनीचं, आडद्र्याचं माणसाचं." मृगाच्या सरींनी आभाळातली धूळ खाली बसू द्यायची आणि आर्द्रा लागल्यावर धोतर बांधायचं. सगळ्या घराला रोज प्यायला पुरेल एवढं हे पाणी नसे. ते डाळीला, चहाला, आजाऱ्याला आणि दोन जिवांच्या बाईला. बाकीचे आम्ही खालचंच पीत होतो.

मी सांगतो आहे ते चोपन सालचं. वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या राज्यात होतं. कागदावर मध्य प्रदेश नाव आलं होतं, पण गावात पटवारी सोडला तर सगळे इंग्रजांच्या वेळचं सीपी-बेरारच म्हणत. मी खामगावच्या एका जिनिंगमध्ये वजनाचा कारकून होतो. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की तिकडे, हंगाम संपला की घरी, शेतीवर. वजनाच्या कामामुळे असेल किंवा मुळातच असेल, आकडा कळल्याशिवाय एखादी गोष्ट कळली असं मला वाटत नाही. घरात याची थट्टा चाले. "पाऊस आला म्हणून सांगा, हा पहिले 'किती' विचारन," असं माय आल्यागेल्याला सांगायची.

बायको मेहकरकडची. तिच्या माहेरच्या विहिरीत तळ दिसायचा, असं ती सांगे. आमच्याकडे आली त्या दिवशी पाण्याचा पहिला घोट तिनं अंगणात थुंकला, आणि मग सगळे पाहताहेत म्हणून दुसरा गिळला. तिची बोली आमच्यासारखी नव्हती. आम्ही 'मले' म्हणायचो, ती 'मला'. माय तिला 'मास्तरीण' म्हणायची, कारण ती सहावीपर्यंत शिकलेली होती आणि माझ्यानंतर पेपर वाचायची. दोनदा तिला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा ते पुरे झाले नव्हते. त्या वर्षी तिसऱ्यांदा राहिले. या खेपेला काही चुकू द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट घरात सगळ्यांच्या मनात होती. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

तिला डोहाळे लागले सुकटीचे. आमच्याकडे आठवडी बाजारात एक म्हातारी भोईण सुकट आणि बोंबील घेऊन बसे. माल मुंबईकडचा, रेल्वेनं जलंबला यायचा, तिथून खामगावला आणि खामगावहून तिच्या टोपलीत. मी दर बाजाराला पुडा आणी. बायको तव्यावर सुकट भाजून लाल मिरचीशी कुटायची आणि भाकरीवर घेऊन खायची. मायला त्या वासाचा त्रास होई, पण ती पदर नाकाला लावून गुपचूप बसे.

नागपूरचा पेपर माझ्या नावानं टपालानं येई, तिसऱ्या दिवशी. संध्याकाळी पाच-सहा जण ओट्यावर जमत आणि मी मोठ्यानं वाचे. उन्हाळा सुरू होताना त्यात एक बातमी आली. पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर अमेरिकेनं नव्या तऱ्हेचा बॉम्ब फोडून पाहिला होता. तिथून बऱ्याच अंतरावर जपानी कोळ्यांची एक बोट मासे धरत होती. तिच्यावर आभाळातून पांढरी राख पडली, आणि कोळी आजारी पडले. मग त्यांचे मासे तपासले, तर तपासणीचं यंत्र माशाजवळ नेलं की टकटक वाजू लागलं. दुसऱ्या बोटींनी दूरच्या पाण्यात धरलेले मासेही तसेच निघाले. जपानात ते खड्डे खणून पुरून टाकले.

"मासा टकटक वाजते म्हणजे काय बे?" एकानं विचारलं.

"घड्याळ गिळलं असंन," दुसरा म्हणाला, आणि ओटा हसला. मीही हसलो.

बायको दाराआड तांदूळ निवडत होती. जेवायला वाढताना तिनं विचारलं, "ती राख किती दूर गेली?"

"ते अजून समजलं नाही."

"मोठा मासा लहान माशाला खातो ना? मग शंभर लहान माशांतलं त्या एका मोठ्यात येणार."

मला हे सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "असंल." पुढं कित्येक वर्षांनी जाणत्या माणसांनी लिहिलेलं हेच मी वाचलं, तेव्हा मला ते ताट आठवलं.

पुढच्या बाजारात भोईण मला लांबूनच ओरडली. "या, या पेपरवाले भाऊ! माह्या टोपल्याकडं पाहा तुमच्या पेपरानं काय करून ठेवलं ते!" टोपली भरलेली होती. गावातल्या कुणीही बोंबील घेतला नव्हता.

"मावशी, मी तं जपानचं वाचलं होतं."

"मंग जपानात जाऊन वाचा ना बाप्पा! माहा बोंबील मुंबईचा. त्याले जपान कोठं माहीत?" तिनं एक बोंबील उचलून कच्चाच चावला. "हे पाहा, खाल्ला. कुठं वाजून राह्यलं? लावा कान माह्या पोटाले."

सगळा बाजार हसला. मी नेहमीपेक्षा मोठा पुडा घेतला. घरी बायकोनं तो उघडला नाही. तसाच नेऊन उकिरड्यात हातभर खोल पुरला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "पुरतात, हे तुम्हीच वाचलं." डोहाळे संपले नव्हते. त्यानंतर कितीतरी दिवस ती भाकरीबरोबर नुसती लाल मिरची खायची.

तिची भीती घालवायला मी माझ्या पद्धतीनं लागलो. शाळेत भिंतीवर जगाचा नकाशा होता. गुरुजींच्या परवानगीनं मी त्यावर सूत धरलं, त्या बेटापासून वऱ्हाडापर्यंत, आणि खालच्या मापाशी लावलं. सहा हजार मैलांच्या आसपास भरलं. एवढा मोठा आकडा हातात आल्यावर मला बरं वाटलं. मी घरी येऊन तिला सांगितला.

ती म्हणाली, "वारा तासाला दहा मैल धरला तर किती दिवस?"

मी मनात भागाकार केला. उत्तर महिनाभराच्याही आत येत होतं. ते मी सांगितलं, कारण हिशेब विचारला तर चुकीचा सांगता येत नाही. मग म्हणालो, "पण आपला पाऊस तिकडून येतच नाही. आपले ढग पश्चिमेच्या समुद्राचे. बॉम्ब फुटला पूर्वेच्या समुद्रात."

"दोन समुद्रांच्या मधे भिंत आहे का?"

गुरुजींना मी दुसऱ्या दिवशी खरंच विचारलं. ते नकाशाकडे पाहून म्हणाले, "भिंत तर नाही."

मे महिन्यात पेपरात आलं की जपानात पावसाच्या पाण्यातही ते सापडलं. ती बातमी मी ओट्यावर वाचली नाही. पण पेपर घरातच पडलेला असे, आणि तिला वाचता येत होतं.

मृग कोरडा गेला नाही, चांगला झाला. पेरण्या झाल्या. आर्द्रा लागली. त्या दिवशी सकाळपासून पावसाची झड होती आणि अंगणातले चार खुंट तसेच उघडे उभे होते. धोतर बांधायचं काम सुनेचं असे. माय दारात आली.

"काऊन वं मास्तरीण, धोतर काऊन नाही बांधलं?"

"मी वरचं पाणी नाही पिणार, आत्याबाई."

"मंग काय पेशीन? खालचं? पोटात लेकरू हाये तुह्या. डोकं फिरलं का?"

"खालचं पाणी जुनं आहे," बायको म्हणाली. तिनं हे आधीच ठरवून ठेवलेलं होतं, असं तिच्या आवाजावरून वाटलं. "कधीचं जमिनीत पडून आहे, म्हणून तर ते खारं झालं. तुमच्या सासऱ्याच्या आधीचं असेल. बॉम्ब आत्ता फुटला. त्याचं त्यात काही नाही. ते वरून येणार, नव्या पाण्यात."

मी आत बसून हे ऐकत होतो. मला त्यात चूक सापडेना. आजही, तिच्या जागी बसून पाहिलं तर, सापडत नाही. तिच्या माहेरच्या माणसाला हे सुचलं नसतं, कारण तिकडे पाणी एकच असतं. जुनं पाणी आणि नवं पाणी हा भेद आमच्याच पट्ट्यातला, आणि तो ती आमच्याकडूनच शिकली होती.

"मंग मीठ बी सोड," माय म्हणाली. "मीठ बी समुद्रातूनच येते ना?"

"सोडलंच आहे. खालच्या पाण्यात आहे तेवढं पुरतं."

माय हसली. बायकोही हसली. त्या दोघी एकदम हसलेल्या मला त्यानंतर बराच काळ आठवत नाहीत.

मग माय माझ्याकडे वळली. "तू सांग तिले. तुह्यं आईकन ते."

मी म्हणालो, "काही नाही त्या पाण्यात. पी तू."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "किती नाही?"

"काही नाही म्हणजे काहीच नाही."

"तुम्ही न मोजता कधी बोलत नाही," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी सावकाश म्हणाली. "कापसाच्या बोज्यातून बारदानाचं वजन वजा केल्याशिवाय तुम्ही आकडा सांगत नाही. आज एवढ्या लवकर बोललात, म्हणजे आत्याबाईंनी सांगितलं म्हणून बोललात."

पावसात काही आहे की नाही आणि असेल तर किती, हे मोजणारं यंत्र आमच्या जिल्ह्यात नव्हतं. जे जपानात माशांवर वाजत होतं ते माझ्याजवळ असतं तर मी ते धोतराखालच्या घागरीवर धरलं असतं, आणि जे निघेल ते तिला सांगितलं असतं. तिनं ते मानलं असतं, हे मला नक्की माहीत आहे.

मी कावड घेऊन सोनाळ्याकडे चालत जाऊ लागलो. चिखलात पाय घसरे, घागरी हिंदकळत, घरी येईपर्यंत निम्मं पाणी वाटेत सांडलेलं असे. उरलेलं तिच्यासाठी ठेवायचं. तिनं विचारलं, "हे विहिरीचंच ना? खोल विहिरीचं?" मी हो म्हणालो. ते खरं होतं. ते ती प्यायली. पण रोजच्या रोज चार कोस जाणं आणि येणं निंदणीच्या दिवसांत जमत नव्हतं, आणि मग मला थंडीताप आला आणि मी खाटेला लागलो. त्यानंतर ती खालचंच पाणी पीत होती. उकळून, पदरानं गाळून, तांब्यावर ताटली झाकून. एवढ्या निगुतीनं खारं पाणी पिणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

माझा ताप उतरत होता तेव्हाची गोष्ट. दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. मायनं वाढलं. बायकोनं डाळीत भाकरी कुस्करली, एक घास घेतला आणि थांबली. डाळ शिजलेली होती. नुसती शिजलेली नाही, विरघळून एकजीव झालेली होती.

"आत्याबाई, ही डाळ कशात शिजवली?"

मायनं ताटातली भाकरी मोडायला घेतली.

"आत्याबाई."

"गोठ्यामागं बांधलं होतं धोतर," माय म्हणाली. "मी बांधलं. पोरी, तुह्ये पाय पाहिले का? सुजले हायेत. खाऱ्या पाण्यानं सुजले. मले तुह्यं लेकरू पाहिजे. मले तुह्यं लेकरू पाहिजे, दुसरं काई नाही."

बायको उठली आणि न्हाणीत जाऊन तिनं तो घास काढून टाकला. त्या दिवसापासून ती आपलं वेगळं शिजवू लागली, तीन दगडांच्या चुलीवर, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. तिची डाळ दिवसभर चुलीवर असे आणि शिजत नसे. ती ते दाणे तसेच कचकच चावून खाई. माय आपल्या चुलीपाशी बसून ते पाही. एकाच अंगणात दोन धूर निघत, आणि दोघी एकाच लेकरासाठी ते करत होत्या.

पाय सुजले होते ते खरं. मग हात सुजले, बांगड्या रुतल्या, त्या फोडून काढाव्या लागल्या. तिचं डोकं दुखायचं आणि डोळ्यांपुढं चांदण्या दिसतात असं ती म्हणे. मी खामगावच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. गाडी जुंपली, गावाबाहेर पहिल्या नाल्यात चाक बसलं आणि चार जणांनी खांदा लावूनही निघालं नाही. पलीकडे पूर्णा दोन्ही थड्या भरून चालली होती, त्यामुळे नाला ओलांडला असता तरी पुढं जाणं नव्हतं. आम्ही परत आलो. ती गाडीत उताणी पडून वर पाहत होती. पाऊस सुरू झाला तसा तिनं पदर ओढून आधी पोटावर घेतला, मग तोंडावर.

श्रावण अर्धा झाला असेल. सकाळी तिला झटके आले. दातखिळी बसली, डोळे वर गेले. सुईण म्हणाली, आता वाट पाहायची नाही. दुपारी मुलगी झाली. दिवस भरायला अजून वेळ होता. ती लहानशी होती. मी तिचं वजन केलं नाही. माझ्या ओळखीचे लोक मला अजून विचारतात की तू असा वजनाचा माणूस, तुला आकडा ठाऊक असेल. ठाऊक नाही. ती रडली, पण मांजराच्या पिल्लासारखी. संध्याकाळपर्यंत होती. बायकोला तेव्हा शुद्ध नव्हती, त्यामुळे तिनं तिला जिवंत पाहिलं नाही. मायनं पाहिलं. मायनं बोटाला फडकं गुंडाळून तिच्या ओठांना पाणी लावलं. कुठलं पाणी, ते मी विचारलं नाही.

शेताच्या बांधावर पुरलं. पाऊस चालूच होता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी माय गोठ्यात माझ्याजवळ आली. मी बैलांना वैरण टाकत होतो. ती म्हणाली, "माह्या डाळीनं तं नाही ना झालं रे?"

"नाही माय."

"खरं सांग."

"खरंच नाही. एका घासानं काही होत नाही."

"तू म्हणतो तं नसंन झालं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा मोकळा झाला. तिनं मला आकडा विचारला नाही. ती गेल्यावर मी गव्हाणीला टेकून उभा राहिलो.

बायको शुद्धीवर आली, उठली, अंगातली सूज हळूहळू उतरली. महिनाभरानं तिनंही मला तेच विचारलं. फक्त तिचा प्रश्न वेगळा होता. "तो एक घास माझ्या पोटात गेला होता. थोडा गेलाच होता. त्यानं झालं का?"

"नाही."

मी मायला ज्या शब्दांत सांगितलं होतं त्याच शब्दांत तिला सांगितलं, आणि मला दिसत होतं की ते तिच्यापर्यंत पोचत नाही. माय म्हणायची, खाऱ्या पाण्यानं लेकरू गेलं. बायको म्हणायची, वरच्या पाण्यानं गेलं. दोघी एकमेकींसमोर हे कधी बोलल्या नाहीत. दोघी मलाच सांगत.

पूर ओसरल्यावर मी तिला खामगावला नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बॉम्बचंही, आणि हसला नाही. म्हणाला, बाळंतपणाआधी अशी सूज आणि झटके गोड्या पाण्याच्या गावांतही येतात. खाऱ्या पाण्यानं भर पडली असेल, नसेलही. आधीच्या दोन खेपा पाहता कदाचित काहीही केलं असतं तरी हेच झालं असतं. "नक्की सांगता येत नाही," तो म्हणाला. तेव्हा बायको पहिल्यांदा माझ्याकडे पाहून किंचित हसली. तिला हा माणूस पटला. म्हणून मीही इथं लिहिताना खाऱ्या पाण्यानं झालं असं लिहिणार नाही. मला ते माहीत नाही.

आम्हांला पुढं मूल झालं नाही.

जपानी बोटीवरचा एक कोळी त्याच वर्षी वारला. ती बातमी मी ओट्यावर वाचली, त्या दिवशी घड्याळाचा विनोद कुणी केला नाही. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, मग महाराष्ट्रात आलं. बॉम्ब फुटतच राहिले, अमेरिकेचे आणि रशियाचेही. पेपर मी घेत राहिलो, पण मोठ्यानं वाचणं सोडलं. हळूहळू त्यात येऊ लागलं की त्या स्फोटांची बारीक राख आभाळात फार उंच चढते, तिथल्या वाऱ्यांबरोबर पृथ्वीभोवती फिरते आणि वर्षानुवर्षं पावसातून खाली येत राहते. सगळ्या देशांत येते. गवतावर पडते, गवतातून दुधात जाते, दुधातून लेकरांच्या हाडांत. मग मोठ्या देशांनी उघड्या हवेत बॉम्ब फोडायचे नाहीत असा करार केला. तो वाचला त्या दिवशी मी बायकोला बोलावलं. ती हात पुसत आली.

मी म्हणालो, "तू म्हणत होतीस ते खरं होतं. ते सगळीकडे आलं. आपल्याकडेही आलं असणार. मधे भिंत नव्हती."

ती उंबऱ्यावर बसली. तिनं पेपरकडे पाहिलं, पण हातात घेतला नाही.

"किती?" तिनं विचारलं.

"थोडं. फार थोडं, असं लिहिलं आहे."

"थोडं म्हणजे किती?"

"आपल्या गावचं कुणी मोजलेलं नाही."

"म्हणजे तिच्या वाट्याला किती आलं, ते नाहीच समजायचं."

"नाही," मी म्हणालो. माझं हे 'नाही' तिनं मानलं.

पुढच्या पावसाळ्यात माय गेली. शेवटचे आठ-दहा दिवस तिच्या पोटात काही राहत नव्हतं. दुधानं उलटी होई, भाकरीचा घास गिळवत नसे. नळ अजून आमच्या गावाला आलेले नव्हते. चोपनपासून आमच्या अंगणात धोतर बांधलं गेलं नव्हतं. खुंट कुजून पडले होते. डाळ आम्ही खाणंच सोडलं होतं, बेसनावर आणि भाजीवर चालवत होतो. एके सकाळी माय म्हणाली, "डाळीचं पाणी पेवावं वाटते." म्हणाली आणि सुनेकडे पाहून लगेच गप्प झाली.

बायको उठली. माझ्या पेटीतून तिनं धुतलेलं धोतर काढलं, मला म्हणाली, "खुंट ठोका." मी चार नवे खुंट ठोकले. तिनं टोकं बांधली, गोटा धुऊन मधे ठेवला, घागर सरकवली. पाऊस दुपारी आला. घागर थोडीशीच भरली. ते पाणी तिनं चुलीवर ठेवलं आणि मूठभर डाळ टाकली. मी चुलीपासून लांब बसलो होतो. दहा वर्षांनी आमच्या घरात शिजत्या डाळीचा वास सुटला.

तिनं डाळीचं वरचं निवळ पाणी वाटीत काढलं. मायच्या खाटेशी बसली. मायचं डोकं मांडीवर घेतलं. मायनं तोंड मिटून ठेवलं होतं.

"वरचं हाये का?" मायनं विचारलं.

"वरचं आहे."

"मंग तू काऊन करून राह्यली..."

बायकोनं वाटी आधी आपल्या तोंडाला लावली. एक घोट घेतला, मायला दिसेल असा गिळला. मग वाटीची तीच बाजू मायच्या ओठांना लावली.